भिंतीला टेकून उभा राहणारा मुलगा

मे महिन्यात माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. "एवढ्या हौसेनं शिबिरात घातलं, आणि हा तिथे जाऊन नुसता उभा राहतो. जबरदस्ती करू की काढून घेऊ?"

सिंहगड रस्त्यावरून आलेल्या एका आईनेही हेच विचारलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा चौदा वर्षांचा, नववीत जाणारा. कोथरूडला शाळकरी मुलांसाठी सर्जनशील नृत्याची दहा दिवसांची कार्यशाळा होती, रोज दोन तास. तीन दिवस झाले तरी तो भिंत सोडत नव्हता. वडिलांचं म्हणणं, मुलाला नाच हवाय कशाला, क्रिकेटला घाला. आईला मात्र वाटत होतं की आत्ता माघार घेतली तर हा कायमचाच बुजरा राहील.

मी मुलाशी एकट्याने बोलले. तिथे कुणी चिडवतं का, नकोसा स्पर्श करतं का, हे आधी विचारलं. हा प्रश्न मी कधीही गाळत नाही. तसं काही नव्हतं. मग म्हटलं, "बरं, तिथे काय काय चालतं ते तरी सांग."

आणि तो सांगत सुटला. निळ्या टी-शर्टवाली एक मुलगी उडी मारायच्या आधी श्वास रोखून धरते. एक जाडसा मुलगा जोरात पाय टाकतो, पण आवाज अजिबात येत नाही. दोघी मैत्रिणी कायम एकाच कोपऱ्यात घुटमळतात, मोकळी जागा असूनसुद्धा. मी विचारलं, "तो मुलगा पाय कसा टाकतो रे?" तो उठला नाही. टेबलावर दोन बोटं उभी केली आणि त्या बोटांनी चालून दाखवलं. आधी टाच, मग हळूच चवडा. पुढे निळ्या टी-शर्टवाली आली, तिची उडी आली, उडीआधीचा थांबलेला क्षणही आला. मनगटापासून खाली तो सुंदर नाचत होता. खांदे मात्र कानांपर्यंत चढलेले.

रुडॉल्फ लाबान (१८७९–१९५८) या नृत्य-अभ्यासकाने हालचाल कशी पाहायची याची एक भाषाच तयार केली. वजन, वेळ, अवकाश आणि ओघ या चार अंगांनी तो हालचालीकडे बघायचा. शाळेतल्या मुलांना ठरावीक स्टेप्स शिकवण्याऐवजी त्यांची स्वतःची हालचाल सापडू द्यावी, असं सांगणारं त्याचं पुस्तक १९४८ साली आलं. माझ्यासमोर बसलेल्या मुलाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, पण तो वजन, वेळ आणि जागा यांबद्दलच बोलत होता. तीन दिवस तो नुसता उभा होता, हे आईचं म्हणणं मला तिथेच पटेनासं झालं.

नाच म्हटलं की आपल्याला एक तर गॅदरिंग आठवतं, नाही तर क्लास. पुण्यात कथक नर्तकी रोहिणी भाटे यांनी १९४७ साली नृत्यभारती ही नृत्यशिक्षण संस्था सुरू केली. गुरूसमोर वर्षानुवर्षं तत्कार, म्हणजे कथकमधलं तालातलं पदकाम, घोटायचा म्हणजे काय, हे इथल्या कितीतरी घरांना माहीत आहे. त्या शिस्तीबद्दल मला फार आदर आहे. पण या कार्यशाळेतली ताई म्हणते, "पातेल्यात पाणी उकळतंय, तुम्ही तळाशी सुटलेला पहिला बुडबुडा आहात." पुढचं ज्याचं त्याने शोधायचं. पालकांना हे सोपं वाटतं, कारण यात चुकायला काही नाही. चौदा वर्षांच्या मुलाला मात्र हेच अवघड जातं. बसवलेल्या नाचात स्टेप चुकली तर स्टेप चुकली म्हणता येतं. इथे जे बाहेर येतं ते स्वतःचंच असतं, आड लपायला काही नसतं.

त्यात हे वय. या सुमारास मुलगे वर्षाला नऊ-दहा सेंटीमीटरही वाढतात, आणि हातपाय धडाच्या आधी लांबतात. कालपर्यंत ओळखीचं असलेलं शरीर अचानक दाराच्या चौकटीला धडकायला लागतं. डेव्हिड एल्काइंड या मानसशास्त्रज्ञाने १९६७ साली या वयातल्या 'काल्पनिक प्रेक्षकां'बद्दल लिहिलं. सगळे आपल्याकडेच बघताहेत, असं मुलांना सतत वाटत राहतं. मूल अंग चोरतं ते त्या प्रेक्षकांपासून.

या मुलाचे प्रेक्षक मात्र काल्पनिक नव्हते. बोलता बोलता तो खाली बघून म्हणाला, "मॅडम, आईनं दारातून व्हिडिओ काढला. फॅमिली ग्रुपवर टाकला. काकांनी लिहिलं, खांब छान आहे."

त्याच्या परवानगीने मी हे आईशी बोलले. त्या रडल्या. कौतुकानेच टाकला होता, म्हणाल्या. मला ते खरंच वाटलं, आणि त्यांना दोष द्यावा असं अजिबात वाटलं नाही. व्हिडिओ काढून टाकायचा, मुलाची माफी मागायची आणि पुन्हा त्याला विचारल्याशिवाय मोबाइल वर करायचा नाही, एवढं ठरलं. घरी आल्यावर "आज नाचलास का?" हा प्रश्नही बंद. विचारायचंच असेल तर "आज काय बघितलंस?" विचारा, म्हटलं.

कार्यशाळेतल्या ताईंना मी फोन केला. तो काय काय टिपतो हे त्याच्याच परवानगीने सांगितलं. त्यांनी अर्ध्या गटाने नाचायचं आणि अर्ध्याने बघून सांगायचं, असा खेळ सुरू केला. मग दोघादोघांचा आरसा, तोही बसून, फक्त तळहातांचा. एकाने हात हलवायचा, समोरच्याने तसाच. सातव्या दिवशी तो आरसा करता करता गुडघ्यांवर उठला, असं त्या म्हणाल्या. मी आईंना हे लगेच कळवलं नाही. कळवलं असतं तर घरी पेढे वाटले गेले असते.

प्रत्येक मूल असं हळूहळू सुटतंच असं नाही. शाळा, मित्र, जेवण यांपासूनही मूल तुटत असेल, कडक उन्हातही पूर्ण बाह्यांचे कपडे सोडत नसेल, काही आठवडे असंच चाललं असेल, तर कार्यशाळेचा विचार बाजूला ठेवून आधी समुपदेशकाला किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि मूल शांतपणे, कारण सांगून "मला हे नको" म्हणालं, तर काढून घ्या. भिंतीशी उभं असलेलं मूल रोज वेळेवर तयार होऊन निघत असेल, तर मात्र मी थांबायला सांगते. हा मुलगा एकही दिवस चुकला नव्हता, आणि आईच्या हे लक्षातच आलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी पालकांसाठी सादरीकरण होतं. त्याने आईला सांगितलं, "तू ये, पण आत नको." त्या पाऊण तास पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून राहिल्या. आतून डफाचा आवाज येत होता, मधेच बराच वेळ काहीच ऐकू येत नव्हतं. तो बाहेर आला तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. त्यांनी काही विचारलं नाही. कर्वे रस्त्यावर उसाच्या रसासाठी थांबले. अर्धा ग्लास संपल्यावर तो म्हणाला, "बुडबुडा वर येताना मोठा होत जातो, माहितेय?" आणि ग्लास खाली ठेवून त्याने दोन्ही हातांनी तो केवढा होतो ते दाखवलं. शेजारच्या टेबलावरचे लोक बघत होते.