घरकाम करणाऱ्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा मिळते का?

तुमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंना पाचवा महिना आहे, त्यांना रजा मिळेल का, असं विचारलंत. कायद्याने नाही. 26 आठवड्यांची रजा 10 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांतल्या बायकांसाठी आहे. मुंबईच्या बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ऑफिसात ती मिळते. मानखुर्दहून पहाटेची लोकल पकडून चार घरची कामं करणारीला नाही. मला हे फार खुपतं.

पहिलं मूल असेल तर प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेतून 5000 रुपये दोन हप्त्यांत मिळतात. अंगणवाडी किंवा आशाताईंकडे लवकर नोंदणी करायला सांगा. आधार, बँक खातं आणि माता-बाल संरक्षण कार्ड लागतं.

खरी अडचण वेळेची आहे. सरकारी दवाखान्यातली ओपीडी सकाळची, कामंही सकाळचीच. रांगेत उभं राहिलं की दोन घरचा खाडा पडतो, म्हणून तपासणी राहते, अंगात रक्त कमी आहे हे उशिरा कळतं. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. त्या दिवशी पगार न कापता सुट्टी द्या. शेवटच्या महिन्यांत बादल्या उचलायला लावू नका. आणि बाळंतपणानंतर काम त्यांचंच राहील, हे आत्ताच स्पष्ट सांगा.