पाण्यातील प्रसूती आणि एका पहिलटकरणीचा प्रश्न

"मॅडम, पाण्यात बाळंतपण केलं तर बाळाच्या नाकातोंडात पाणी जाईल का हो?" प्रसूतिपूर्व समुपदेशनात हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. त्या दिवशी तो विचारला बत्तिसाव्या आठवड्यात आलेल्या एका पहिलटकरणीच्या आईने, आणि विचारताना त्या पदराचे टोक बोटाभोवती सारखे गुंडाळत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलीचा बेत ठरलेला होता. हवा भरून फुगवायचा टब माहेरच्या हॉलमध्ये मांडायचा, गच्चीवरच्या टाकीतले पाणी गीझरने तापवून आदल्या रात्रीच भरून ठेवायचे आणि ओळखीच्या एका परिचारिकेला बोलावून घ्यायचे. प्रसूतिगृहात टाके घालतात आणि सतत आतून तपासतात, याची तिला धास्ती होती. ती धास्ती खोटी नव्हती, म्हणून तिला उडवून लावणे मला योग्य वाटले नाही.

मी तिला प्रथम एकच गोष्ट सांगितली : पाण्यात बसून कळा सोसणे वेगळे आणि बाळ पाण्यात जन्माला येणे वेगळे. वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या 2018 च्या आढाव्यात 15 चाचण्यांमधील 3,663 स्त्रियांची माहिती तपासली गेली. प्रसूतीच्या पहिल्या टप्प्यात कोमट पाण्यात बसलेल्या स्त्रियांमध्ये पाठीतून भूल घेण्याचे प्रमाण काहीसे कमी आढळले. मात्र प्रत्यक्ष जन्माबाबत पुरावा अपुरा असल्यामुळे तो पाण्याबाहेरच व्हावा, असा सल्ला अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दिला. ब्रिटनमध्ये निरोगी, कमी जोखमीच्या स्त्रियांना प्रशिक्षित सुईणींच्या देखरेखीखाली ही सोय दिली जाते. आपल्याकडे असे ठिकाण मोजक्याच शहरांत सापडते, आणि हॉलमधल्या टबाची त्याच्याशी तुलना होऊ शकत नाही.

मग आईंच्या प्रश्नाकडे वळले. निरोगी बाळ चेहऱ्याला हवा लागेपर्यंत सहसा श्वास घेत नाही, कारण तोवर त्याला प्राणवायू नाळेतून मिळत असतो. परंतु कळांच्या दरम्यान प्राणवायू कमी पडलेले बाळ पाण्यातच धापा टाकू शकते, किंवा वर आलेले डोके पुन्हा पाण्यात बुडाले तर श्वासाबरोबर पाणी फुप्फुसात जाऊ शकते. असे क्वचित घडते; पण आईंची शंका निराधार नव्हती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितले.

नाळेचा धोका समजावण्यासाठी मी मुलीची ओढणी मागितली. एक टोक तिच्या हाती देऊन दुसरे मी झटक्यात वर उचलले, तशी ओढणी ताणली आणि तिच्या हातून सुटली. आखूड नाळ असलेल्या बाळाला घाईने पाण्याबाहेर काढले तर नाळ अशीच ताणून तुटू शकते, आणि गढूळ पाण्यात ते लगेच लक्षात आले नाही तर बाळाचे रक्त जात राहते. आईचा रक्तस्राव किती झाला, हेही पाण्यात नेमके कळत नाही.

सर्वांत अधिक वेळ मी टाकीच्या पाण्यावर बोलले, कारण जोडपी त्याचा विचारच करत नाहीत. साठवून कोमट ठेवलेल्या पाण्यात लीजिओनेला हा न्यूमोनिया घडवणारा जिवाणू वाढतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात 2016 मध्ये पाण्यातील प्रसूतीनंतर दोन नवजात बाळांना त्याची लागण झाली होती. पाणी 37.5 अंश सेल्सियसपेक्षा गरम झाले तर आईचे तापमान आणि बाळाचे ठोके वाढू शकतात, हा आणखी एक मुद्दा.

जुळी, पायाळू किंवा मुदतपूर्व बाळ, आधीचे सिझेरियन, वाढलेला रक्तदाब, ताप, रक्तस्राव, गर्भजलात बाळाची शी, यांपैकी काहीही असेल तर पाण्याचा विचार सोडून द्यावा, असे मी नेहमी सांगते. तिला यांतले काहीच नव्हते.

पुढच्या भेटीत पतीही आले. घरच्या टबाचा बेत त्यांनी सोडला होता आणि टबाची सोय व नवजात तज्ज्ञ दोन्ही असलेले रुग्णालय शोधले होते. "पाण्यातून बाहेर या" असे सांगितल्यावर वाद न घालता उठायचे, हेही आधीच ठरवून ठेवले. कळा वाढल्यावर ती दीड तास पाण्यात बसली. बाळाचे ठोके मंदावू लागले तेव्हा परिचारिकेने हात पुढे केला, ती उठली आणि पलंगावर तिला मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी तिने मला फोन केला तो दूध पुरेसे येत नाही, म्हणून.