आकडा दिसतोय, पण उत्तर कोण देणार?

प्रश्न : सर नमस्कार, गल्लीत पाणी किती वाजता आलं, किती वेळ टिकलं, कचऱ्याची गाडी आली का, कुठला दिवा बंद, हे सगळं आमच्या तालमीतली पोरं तीन महिने एक्सेलमध्ये लिहितायत. शहराचा कारभार आकड्यांवर चालवता येतो म्हणे, खरं का? आणि ह्या शीटचं आता करायचं काय?
– एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : आकडा काय करू शकतो हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवायला नको. जुलै लागला की पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी शेंबड्या पोरालाही पाठ असतीय, 39 फूट इशारा, 43 धोका, आणि आकडा चढायला लागला की नदीकाठची माणसं कुणी सांगायची वाट बघत नाहीत, सामान माळ्यावर, जनावरं पाहुण्यांकडं. कारण आकडा सगळ्यांना दिसतो आणि कितीला काय करायचं ते आधीच ठरलेलं असतं. तुमच्या शीटमध्ये आकडे आहेत, पण कितीला काय करायचं ते ठरलेलं नाही.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये मार्टिन ओ'मॅली महापौर असताना 2000 साली 'सिटीस्टॅट' सुरू झालं. कल्पना उसनी, न्यूयॉर्क पोलिसांच्या 1994 च्या 'कॉम्पस्टॅट'वरनं, म्हणजे गुन्ह्यांचे आकडे समोर ठेवून अधिकाऱ्यांना जाब विचारायच्या पद्धतीवरनं घेतलेली. दर दोन आठवड्यांनी खातेप्रमुख सगळ्यांसमोर उभा, पडद्यावर त्याच्याच खात्याचे आकडे, आणि मग प्रश्न, ओव्हरटाईम एवढा का, गैरहजर किती, मागच्या वेळी कबूल केलेलं झालं का. सुरुवात कचरा खात्यापासून, आणि तीही तुमच्यासारखीच, साध्या एक्सेलवर! खड्डा 48 तासांत बुजवायचा असा शब्दही दिलेला. 2004 ला हार्वर्डचा पुरस्कार मिळाल्यावर बघायला जाणारे वाढले, बऱ्याच जणांनी घरी येऊन स्क्रीन तेवढी लावली, दोन आठवड्यांनी परत बसायचं मात्र राहिलं. (स्क्रीनचं उद्घाटन करता येतं, मीटिंगचं कसं करणार.)

आणखी एक मेख आहे. आकड्यावरनं झापायला लागलं की माणूस काम सोडून आकडाच सरळ करतो. न्यूयॉर्कमध्ये मोठा गुन्हा किरकोळ म्हणून नोंदवल्याचे आरोप झाले. म्हणून 'तक्रार निकाली' मोजू नका, तीच तक्रार महिन्याभरात परत आली का ते मोजा.

आता तुमचं शीट. कचरा, दिवे सध्या बाजूला ठेवा, पाणी एकटं घ्या. गल्लीच्या तोंडाचं घर आणि शेवटचं घर, दोन्हीकडच्या वेळा वेगळ्या लिहा, लाईट गेलेले दिवस वेगळ्या रंगात. मग आधी गल्लीचं पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला चहाला बोलवा, त्याला जे ठाऊक आहे ते कुठल्याच शीटमध्ये नसतं. त्यानंतर एका पानाचा तक्ता घेऊन इंजिनिअर साहेबांना भेटा, प्रश्न एकच, शेवटच्या घराला पाणी कमी का. उत्तर मिळालं तर तारीख टाकून लिहून घ्या आणि पंधरा दिवसांनी तोच कागद घेऊन परत जा.

प्रश्न : आणि हे फेसबुकवर टाकावं का?

उत्तर : टाका की. चावीवाल्याचं नाव तेवढं नको.