वाचकांचे प्रश्न : मजकूर पाहून ओळी काढणारा मॅक्रो

प्रश्न : नोंदणीच्या एक्सेल फाइलीत ‘स्थिती’ या कॉलममध्ये इंग्रजीत ‘कॅन्सल्ड’ असे लिहिलेल्या सर्व ओळी काढण्यासाठी मी मॅक्रो (एक्सेलकडून आपोआप काम करून घेणारी छोटी आज्ञावली) लिहिला. तो दुसऱ्या ओळीपासून शेवटपर्यंत एकेक सेल तपासतो आणि शब्द जुळला की ती ओळ डिलीट करतो. तरीही काही ओळी शिल्लक राहतात. सगळ्या जाण्यासाठी मॅक्रो तीनदा चालवावा लागतो. चूक कोठे आहे?

उत्तर : आपली अट बरोबर आहे, चुकली आहे ती तपासण्याची दिशा. समजा, ७ ते १० या सलग चार ओळींत हा शब्द आहे. सातवी ओळ काढताच खालच्या सर्व ओळी एकेक घर वर सरकतात, म्हणजे मूळची आठवी ओळ आता सातवी होते. परंतु मॅक्रोतील मोजणी मात्र पुढे आठवर गेलेली असते, त्यामुळे त्या ओळीकडे कोणी पाहतच नाही. अशा रीतीने पहिल्या फेरीत चारांपैकी दोन ओळी जातात, दुसऱ्या फेरीत एक जाते आणि उरलेली एक तिसऱ्या फेरीत जाते. आपल्याला तीनदा मॅक्रो चालवावा लागतो तो यामुळेच. मोजणीऐवजी ‘फॉर ईच’ने (एकामागून एक घेण्याच्या आज्ञेने) सेल घेतले तरी हाच दोष राहतो.

उपाय एका ओळीचा आहे. मोजणी शेवटच्या ओळीपासून सुरू करून दुसऱ्या ओळीपर्यंत आणावी आणि ‘स्टेप’ (मोजणीचे पाऊल) उणे १ ठेवावी. मग सरकणाऱ्या ओळी नेहमी आधीच तपासून झालेल्या असतात. शेवटची ओळ शोधताना शीटच्या तळापासून ‘एंड’ (भरलेल्या सेलपर्यंत उडी मारणारी आज्ञा) वापरून वर यावे. २००७ पासूनच्या एक्सेलमध्ये एका शीटवर १०,४८,५७६ ओळी असतात, तर मॅक्रोतील ‘इंटिजर’ या संख्याप्रकारात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. म्हणून ओळ क्रमांक साठवणारे चल (व्हेरिएबल) मोठ्या संख्यांच्या ‘लाँग’ प्रकारचेच ठेवावे. ओळी हजारोंच्या घरात असतील, तर जुळलेल्या ओळी ‘युनियन’ या आज्ञेने गोळा करून शेवटी एकदाच काढाव्यात. त्याने वेळ वाचतो आणि दिशेचा प्रश्नही उरत नाही.

आता अटीकडेही थोडे पाहू. मजकुराच्या आत शब्द शोधणाऱ्या ‘इनस्ट्र’ने शोध घेतल्यास ‘नॉट कॅन्सल्ड’ असे लिहिलेली ओळही निघून जाईल, कारण शोधलेला शब्द तिच्या पोटात आहेच. संपूर्ण सेल जुळायला हवा असेल, तर सरळ बरोबरीचे चिन्ह वापरावे. मात्र व्हीबीए (मॅक्रो लिहिण्याची भाषा) एरवी लहान-मोठी लिपी वेगळी मानते, म्हणून दोन्ही बाजू ‘एलकेस’मधून (सर्व अक्षरे लहान लिपीत करणारे) आणि ‘ट्रिम’मधून (मागची-पुढची मोकळी जागा काढणारे) काढाव्यात. एखाद्या सेलमध्ये सूत्राची त्रुटी असेल, तर तुलना करताच मॅक्रो ‘टाइप मिसमॅच’ (प्रकार जुळत नाही) ही चूक दाखवून थांबतो. त्यासाठी ‘इझएरर’ने सेलमध्ये त्रुटी आहे का याची तपासणी आधी, वेगळ्या ‘इफ’मध्ये करावी. एकाच ओळीत ‘अँड’ने दोन अटी जोडून भागत नाही, कारण व्हीबीए पहिली अट फसली तरी दुसरी तपासतेच.

माझा आग्रह मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी आहे. मॅक्रोने काढलेल्या ओळी कंट्रोल-झेडने परत येत नाहीत. म्हणून पहिल्या मॅक्रोने काहीही न काढता, रिकाम्या कॉलममध्ये जुळलेल्या ओळींसमोर फक्त ‘काढा’ असे लिहावे; ती यादी फिल्टर लावून डोळ्यांखालून घालावी आणि फाइलीची प्रत ठेवूनच ओळी काढाव्यात. यात काही मिनिटे जास्त जातात, पण नोंदी दुसऱ्यांच्या असतात तेव्हा ती देणे मी कर्तव्य मानतो.

प्रश्न : माझ्या फाइलीत शब्द मराठीत, ‘रद्द’ असा आहे. मॅक्रोच्या खिडकीत तो पेस्ट केला की चार प्रश्नचिन्हे उमटतात. काय करावे?

उत्तर : व्हीबीएच्या संपादक खिडकीत युनिकोड (सर्व लिप्यांसाठीची अक्षरक्रमांक पद्धत) मजकूर मावत नाही, म्हणून देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाजागी प्रश्नचिन्ह येते. यात एक मोठा धोका आहे. नमुन्याशी तुलना करणाऱ्या ‘लाइक’मध्ये आणि फिल्टरच्या अटीत प्रश्नचिन्हाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो. मागेपुढे तारका लावून ती अट दिली, तर चार किंवा अधिक चिन्हांचा कोणताही मजकूर जुळेल आणि जवळजवळ सारी शीट रिकामी होईल. तो मॅक्रो कृपया चालवू नका.

सोपा मार्ग असा की शोधायचा शब्द वेगळ्या शीटवरील एका सेलमध्ये लिहावा आणि मॅक्रोने तो तेथून वाचावा. शब्द मॅक्रोतच हवा असेल, तर अंकावरून चिन्ह देणाऱ्या ‘सीएचआर-डब्ल्यू’ या फंक्शनला २३५२, २३४२, २३८१ आणि २३४२ हे अंक क्रमाने देऊन मिळणारी चिन्हे जोडावीत. त्यांतून ‘रद्द’ तयार होतो.

एवढे करूनही एखादी ओळ जुळत नसेल, तर त्या सेलची लांबी ‘लेन’ने मोजावी. ती ४ यायला हवी. ५ आली, तर आत न दिसणारे चिन्ह आहे : बहुधा १६० क्रमांकाची मोकळी जागा, जी ‘ट्रिम’ने जात नाही, किंवा ८२०४ क्रमांकाचे जोड तोडणारे चिन्ह अथवा ८२०५ क्रमांकाचे जोडचिन्ह. ‘रिप्लेस’ने ही चिन्हे काढून तुलना करावी, मात्र केवळ तुलनेपुरतीच. मूळ सेलमधून जोडचिन्ह पुसू नये, कारण ‘तऱ्हा’सारख्या शब्दांतील अर्धा र काही जण त्याच चिन्हाच्या आधाराने टंकित करतात.