घोडे स्टेजवर आणायचे का?

प्रश्न: दादा, आमचा अमळनेरला हौशी ग्रुप आहे, दहा-बारा जण, त्यात दोघी चांगल्या गातात. बर्लिओझ या फ्रेंच संगीतकाराचं 'डॅमनेशन ऑफ फाउस्ट', म्हणजे सैतानाला आत्मा देऊन बसलेल्या फाउस्ट पंडिताची गोष्ट, यूट्यूबवर बघितलं आणि डोक्यातून जाईना. पण हा ऑपेरा आहे की नुसती गाणी तेच कळत नाही, आधी हंगेरी, मग एकदम जर्मनी, शेवटी घोड्यांवरून थेट नरकात! हे आमच्या हॉलमध्ये दाखवायचं कसं?

उत्तर: भाऊ, हा घोळ तुमचा नाही, त्या माणसानंच घातलाय. त्यानं याला 'नाट्यमय दंतकथा' असं काहीतरी अधलंमधलं नाव दिलं. 6 डिसेंबर 1846 ला पॅरिसमध्ये पहिला प्रयोग झाला तो सेट नाही, कॉस्च्यूम नाही, नुसतं उभं राहून गायले, हॉल निम्मा रिकामा, आणि बर्लिओझ कर्जात. नाटकासारखं स्टेजवर आलं ते 1893 ला माँटे कार्लोत, तोवर त्याला जाऊन 24 वर्षं झाली होती.

आणि हंगेरीचं म्हणाल तर मूळ जर्मन नाटकातला, गोएथेचा फाउस्ट तिकडे जातच नाही हो, बर्लिओझला राकोत्सी मार्च ही हंगेरीची लष्करी धून वाजवायची होती म्हणून नेला तिकडे, आणि तसं कबूलही केलं. मग तुम्ही कशाला जोडणी शोधत बसता? आपल्या तमाशातल्या वगात स्टेजला एक चक्कर मारली की गाव बदलतं, पब्लिकमधून कोणी विचारतं का एसटी कुठली पकडली म्हणून?

आता घोडे. आम्ही एकदा एका नाटकात प्लायवूडचा घोडा केला होता, खाली चाकं लावून. ऐन सीनला एक चाक अडकलं आणि राजेसाहेब उतरून घोडा ढकलायला लागले, लोक अजून तेच सांगतात, नाटकाचं नाव कोणाला आठवत नाही. त्यामुळे माझं ऐका, घोडे नकोच. त्या सीनमध्ये व्हायोलिन वगैरे तंतुवाद्यं टापा टाकत असतात, वर ओबो हे फुंकून वाजवायचं वाद्य एकटं रडल्यासारखं, मधेच वाटेवरच्या क्रूसापाशी बाया 'सांता मारिया' म्हणत बसलेल्या, फाउस्ट आणि त्याला नेणारा सैतान मेफिस्टो त्यांच्या अंगावर घोडे घालतात आणि त्या किंचाळतात. तुमच्या त्या दोघींना तेवढ्या बाया करा, एक कंदील ठेवा, आवाज आला की विझवा. बास. फाउस्ट आणि मेफिस्टो नुसते प्रेक्षकांकडे तोंड करून उभे.

पुढे नरकात भुतं गातात ती भाषाच बनावट आहे, तिचं अहिराणी करायच्या भानगडीत पडू नका. पिसवेच्या गाण्याचं मात्र जरूर करा, राजाची लाडकी पिसू, तिला शिंप्याकडून कपडे, दरबारात मान, आणि दरबारी लोक दिवसभर खाजवत बसतात पण बोलायची सोय नाही. आपल्याकडे लगेच कळेल!

सगळं करू नका, दोन तासांच्या वर जातं. आणि संगीत जुनं असलं तरी रेकॉर्डिंगचे हक्क कंपनीकडे असतात, तेव्हा तिकीट लावण्याआधी विचारून घ्या, नाहीतर सरळ पियानोवाला बसवा.