पाचव्या मितीच्या आधी मॅक्सवेल कर

अरे, तू बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहेस आणि एकदम स्ट्रिंग थिअरीच्या (कण म्हणजे कंप पावणाऱ्या बारीक तारा, ही कल्पना) १० मितींवर उडी मारतोयस, जरा थांब. आधी मॅक्सवेलची समीकरणं, म्हणजे विद्युतचुंबकत्वाचे नियम, आणि विशेष सापेक्षता पक्की कर, टेन्सर (अनेक घटकांच्या गणिती राशी) हाताने लिही, नुसते व्हिडिओ बघून ते येत नाही.

मग थिओडोर कालुझा या जर्मन गणितज्ञाकडे ये. त्याने १९१९ मध्ये आइन्स्टाइनला कळवलं आणि १९२१ मध्ये छापलं ते असं, की गुरुत्वाकर्षण चारऐवजी (तीन अवकाशाच्या, एक काळाची) पाच मितींत लिहिलं तर मेट्रिकचे, म्हणजे अंतर मोजणाऱ्या टेन्सरचे, १० ऐवजी १५ घटक होतात, त्यातले १० आपलं नेहमीचं गुरुत्वाकर्षण, ४ चक्क विद्युतचुंबकत्व, आणि उरला १ स्केलर, म्हणजे दिशा नसलेली एकच राशी. दांडिया बाजारातल्या खोलीत मी हे पहिल्यांदा स्वतः सोडवलं त्या रात्री झोपच लागली नाही रे, म्हणून सांगतो, वहीतच कर.

आता ती पाचवी मिती दिसत का नाही? भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइन १९२६ मध्ये म्हणाला की ती अतिशय बारीक गुंडाळलेली आहे. उत्तरायणला गच्चीवरून बघ, वर गेलेला मांजा नुसती रेघ दिसतो पण फिरकीजवळ बोटात धरला की गोलाई लागते, तसंच काहीसं.

आणि हे विसरू नकोस, विद्युतचुंबकत्व आणि क्षीण बल (काही किरणोत्सर्गामागचं बल) एका सिद्धांतात एकत्र आले ते जादा मितीशिवायच, त्यातले क्षीण बल वाहणारे डब्ल्यू आणि झेड कण १९८३ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत सापडले. जादा मिती मात्र सर्नच्याच एलएचसी या महाकाय कण-टक्कर यंत्रातही अजून दिसलेली नाही, त्यामुळे सिद्ध काय आणि कल्पना काय हे वहीत वेगळं लिहीत जा.

१५ घटक मोजून झाले की फोटो पाठव, त्या स्केलरचं काय करायचं ते मग बघू.