मीटिंग घराजवळची नको, वाटेवरची बघ

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. मामा म्हणतो ए.ए.ला, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या गटाच्या मीटिंगला जा, आणि तू ‘तिथे ओळखीचं कोणी भेटलं तर?’ यावर अडून बसलायस. भेटलं तर भेटलं. तोही तिथे केळवणाला आलेला नसतो.

पण त्याआधी एक. सकाळी हात थरथरतात आणि थोडी घेतली की थांबतात, हे तू पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंयस. माझ्या लेखी तेच पहिलं. मीटिंग राहू दे, आधी डॉक्टर गाठ. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे दोन-तीन दिवस भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसतात. जिवावर बेततं कधी कधी. औषधं देऊन हे दिवस नीट काढता येतात, त्यामुळे घरी दार लावून मर्दुमकी नको. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात गेलास तरी चालेल. कुठे जायचं कळत नसेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

आता मीटिंग. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल नावाचा एक शेअरबाजारातला माणूस कामासाठी आला होता. पिणं काही महिन्यांपूर्वी सोडलेलं. सौदा फिसकटला आणि संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत उभं असताना बारमधला कलकलाट कानावर आला. त्याने तिथूनच फोन फिरवायला सुरुवात केली, कशासाठी तर बोलायला दुसरा एक दारुडा हवा म्हणून. त्यातून डॉ. बॉब नावाचा सर्जन भेटला, आणि त्या दोघांच्या बोलण्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस उभं राहिलं. दारूतून बाहेर पडायच्या त्यांच्या बारा पायऱ्या वगैरे नंतर आल्या. आधी होती ती ही संध्याकाळ.

म्हणून तुला सांगतो, मीटिंग निवडताना घरापासूनचं अंतर मोजू नकोस. तुझी तलफ किती वाजता येते ते बघ. ऑफिस सुटल्यापासून परमिट रूमच्या पायरीपर्यंतचा जो तास आहे, त्याच तासाला आणि त्याच वाटेवर भरणारी मीटिंग शोध. रविवारी सकाळी भरणारी मीटिंग चांगलीच असते, पण रविवारी सकाळी तुला कुठे तलफ येते? मीटिंगांची यादी ए.ए.च्या हेल्पलाइनवर मिळते. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समाजसेवकांनाही विचार, त्यांना गावोगावचे गट माहीत असतात. पुण्यात असशील तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहेच, १९८६ पासून. भाषाही बघ. मुंबई-पुण्यात इंग्रजी, हिंदी, मराठी अशा वेगवेगळ्या मीटिंगा भरतात. तू ज्या भाषेत भांडतोस, त्या भाषेतली धर.

जागेचा थाट मनात आणू नकोस. बऱ्याच मीटिंगा शाळेच्या वर्गात नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये भरतात. दुसरीच्या बाकांवर पन्नाशीची माणसं गुडघे वर करून बसलेली, फळ्यावर दिवसभरातलं वजाबाकीचं गणित तसंच. एकेक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी अल्कोहोलिक’ म्हणतो आणि आपलं सांगतो. मध्ये कोणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. (आपल्याकडे चारचौघांत असं क्वचितच घडतं!) तुझी पाळी आली की ‘आज फक्त ऐकायला आलोय’ म्हण, चालतं. फी नाही. शेवटी पिशवी फिरते, त्यात टाकलंस तर टाक. पिणं सोडायची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट.

देवाचा उल्लेख येईल, प्रार्थनाही होईल. तू मानत नसशील तर त्या वेळी गप्प उभा राहा.

एखादा गट मुळीच पटणार नाही. कुणीतरी लांबण लावेल, कुणी जुन्या पराक्रमांत रमेल. मग दुसरा गट बघ. चार-पाच ठिकाणी बसल्याशिवाय ‘मला सूट होत नाही’ म्हणू नकोस. आणि संपल्या संपल्या निघू नकोस. खरं काम चहाच्या कपाशी होतं. तिथे दोघा-तिघांचे फोन नंबर घे आणि बरं चाललेलं असतानाच त्यांना एकदा लाव. एरवी कधी न लावलेला नंबर गटारीच्या संध्याकाळी लावायला हात धजत नाही.

स्लिप झाली, म्हणजे पुन्हा प्यायलास तर? दुसऱ्या दिवशी जा. पिऊन गेलास तर शांत बसायला सांगतील, घालवून देणार नाहीत.

आईबद्दल लिहिलंयस, ती तुझे खिसे तपासते म्हणून चिडतोस. तिच्यासाठी अल-अनॉन आहे. घरच्यांचा वेगळा गट, तिथे तुझ्या पिण्याइतकंच तिच्या झोपेवरही बोलतात. पत्ता तुझ्या मीटिंगमध्येच विचार आणि तिला दे. तू जायचं टाळलंस तरी तिने जावं, हेही तिला सांग.

तुझा,
काका